घरी केलेल्या एरो बदलाने ऍव्हरेज खरंच वाढलं का, ते कसं तपासायचं

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मी हवेचा विरोध कमी करायला (यालाच एरो बदल म्हणतात) गाडीच्या पोटाखाली, पुढच्या बंपरपासून इंजिनच्या मागेपर्यंत सनपॅकची शीट लावली. सनपॅक म्हणजे निवडणुकीच्या बोर्डांना वापरतात ती नालीवाली प्लास्टिक शीट, हलकी असते, पाण्याने खराब होत नाही आणि साध्या कटरने कापता येते. पुढच्या दोन टाक्यांत ऍव्हरेज साडेअठरावरून वीसच्या वर गेलं आणि मी ऑफिसात, सोसायटीत, भावाला, सगळ्यांना सांगितलं की बघा, खालून हवा सरळ गेली की किती फरक पडतो. मग जानेवारीत सर्व्हिसिंगसाठी शीट काढावी लागली, परत लावायला दोन-तीन आठवडे जमलंच नाही, आणि त्या आठवड्यांतही ऍव्हरेज वीसच! बायकोने एका वाक्यात उत्तर दिलं, "अरे, थंडी पडल्यापासून तू सकाळी एसी लावलाच कुठेयस?"

बरोबर होतं तिचं. मी मोजला तो एसीचा फरक होता आणि नाव दिलं शीटला. म्हणून इथे शीट कशी कापायची यावर कमी आणि लावल्यावर खरंच काय झालं ते कसं ओळखायचं यावर जास्त लिहितोय, कारण घरी केलेल्या चांगल्या बदलाने हायवेवर दोन-चार टक्के मिळतात आणि आपली रोजची गाडी काहीही न करता आठ-दहा टक्के वर-खाली होत असते. त्या गोंगाटात ते दोन टक्के ऐकू येणं हेच खरं काम आहे.

आधी थोडं गणित बघू, म्हणजे कुठे आशा ठेवायची आणि कुठे नाही ते कळेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. टायर लोळण्याचा विरोध मात्र वेगाने फारसा बदलत नाही. माणसं धरून हजार-साडेदहाशे किलोची साधी हॅचबॅक घेतली तर टायरचा विरोध साधारण १२० न्यूटन येतो, आणि हवेचा ४० च्या वेगाला पन्नासेक, ६० ला ११५ च्या आसपास, ८० ला दोनशेच्या वर. म्हणजे ६० ला दोघे बरोबरीला येतात आणि ८० ला इंजिनाची साठ टक्के ताकद हवा ढकलण्यात जाते. आता ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा महापे-रबाळेच्या सिग्नलांतून जो माणूस रोज पंचवीसच्या सरासरीने जातो त्याने गाडीला काहीही चिकटवलं तरी त्याला काही मिळणार नाही, त्याचं पेट्रोल ब्रेकमध्ये आणि उभं राहण्यात जातंय. माझं येणं-जाणं नवी मुंबईतल्या ऐरोलीपासून रसायनीपर्यंत, त्यातला कळंबोलीच्या पुढचा भाग ८० ने जातो, म्हणून मला यात रस. तुमचा रस्ता असा नसेल तर शनिवार-रविवारच्या पुणे-नाशिक ट्रिपपुरताच हिशोब धरा.

आणि हवेचा विरोध १० टक्के कमी झाला म्हणजे ऍव्हरेज १० टक्के वाढलं असं होत नाही. ८० च्या वेगाला एकूण विरोध सहा टक्के कमी होतो, त्यातही इंजिनाचं स्वतःचं घर्षण, अल्टरनेटर वगैरे तसंच राहतं, त्यामुळे हातात येतात ते तीन ते पाच टक्के. १० टक्के विरोध कमी करणं हेच घरगुती कामात मोठं आहे. कोणी एका पट्टीने २० टक्के वाढलं म्हणत असेल तर त्याने तपासलेलं नाही, एवढं समजून चाला.

आता गोंगाट कुठून येतो ते बघू. सगळ्यात मोठा चोर वारा. ८० ने चाललात आणि समोरून १० चा वारा असेल तर हवेच्या दृष्टीने तुम्ही ९० ने चाललाय, विरोध सरळ २७ टक्के जास्त. मागून तोच वारा असेल तर २३ टक्के कमी. जाताना-येताना दोन्ही मोजून सरासरी काढली तर बरंचसं कटतं पण पूर्ण नाही, दीडेक टक्का उरतोच, आणि बाजूचा वारा असेल तर तो कुठल्याच बाजूने कटत नाही. आपल्याकडे दुपार झाली की खाडीवरून-समुद्रावरून वारा सुटतो, पाम बीच रोडवर संध्याकाळी चालणाऱ्याला सांगायला नको. म्हणून टेस्ट पहाटेच, साडेपाच ते आठ, आणि शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी. टोलनाक्यावरचे झेंडे लोंबत असतील, तळोज्याच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात असेल तर दिवस चांगला. झेंडा हलत असेल तर चहा पिऊन घरी या, खरंच सांगतो, त्या दिवशीचे आकडे नंतर फक्त घोळ घालतात.

दुसरा चोर तापमान, आणि हा कोणाच्या लक्षात येत नाही. थंड हवा जड असते. पहाटे १८ डिग्री आणि दहा वाजता ३० डिग्री, एवढ्यात हवा चार टक्के हलकी होते, म्हणजे विरोध चार टक्के आपोआप कमी. पहाटे बिनाशीटची फेरी मारली आणि दहाला शीट लावून फेरी मारली तर शीट नुसती डिकीत ठेवली असती तरी जिंकली असती.

तिसरं टायर. पहिल्या वीस-तीस मिनिटांत टायर गरम होतात, त्यांचा विरोध उतरतो, गिअरबॉक्सचं तेलही पातळ होतं. ऐरोलीहून कळंबोलीपर्यंतचा रस्ता मी यासाठीच वापरतो, तिथवर गाडी सगळी गरम झालेली असते आणि मोजणी तिथून पुढे सुरू करतो. हवा मात्र आदल्या रात्री गार टायरला दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी भरायची, पंपावर गरम टायरला भरून मग गार झाल्यावर कमी पडते. आणि पूर्ण टेस्ट संपेपर्यंत हात लावायचा नाही.

चौथं पेट्रोल. गेल्या काही वर्षांत पंपावरचं पेट्रोल बदललंय, आधी १० टक्के इथेनॉल होतं, आता २०. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, म्हणजे नुसत्या ऊर्जेच्या हिशोबाने १० वरून २० वर गेल्यावर लिटरमागे तीनेक टक्के गेले. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या डायरीतलं ऍव्हरेज काढून आजच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. एका टेस्टच्या सगळ्या फेऱ्या एकाच भरलेल्या टाकीत संपवायच्या.

आणि टाकी फुल टू फुल पद्धत? महिन्याचा खर्च बघायला उत्तम, यासाठी निरुपयोगी. नोझल कधी लवकर कट होतं, कधी पंपवाला दादा राउंड फिगर करायला दोन वेळा दाबतो, गाडी उभी आहे ती जागा थोडी तिरकी असते, अर्धा-एक लिटरचा फरक सहज पडतो. तीस लिटरच्या टाकीत एक लिटर म्हणजे तीन टक्के झाले, आणि आपण शोधतोय तोच तेवढा.

मग मोजायचं कशाने? गाडीत स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, फोनमध्ये अॅप टाकायचं, ते दर सेकंदाला वेग, इंजिनात जाणारी हवा, कूलंटचं तापमान, पेट्रोलचा अंदाज लिहून ठेवतं. हा अंदाज पाच-सात टक्के चुकीचा असू शकतो, चालेल, कारण चूक शीट असताना आणि नसताना सारखीच आहे आणि आपल्याला फक्त फरक हवाय. स्कॅनर नको असेल तर मीटरमध्ये दिसणारं ऍव्हरेज फेरीच्या सुरुवातीला शून्य करायचं, ते ०.१ पर्यंत दाखवतं, वीसच्या ऍव्हरेजला तो अर्धा टक्का झाला, काम भागतं. वेग मात्र मीटरवर नाही, फोनच्या जीपीएसवर बघायचा, गाड्यांचे मीटर दोन-चार किलोमीटर जास्तच दाखवतात. ८० ऐवजी ८२ ने गेलात तर विरोध पाच टक्के वाढला. म्हणून शेजारी माणूस हवाच. माझ्याबरोबर धाकटा भाऊ असतो, फोन त्याच्या हातात, "दादा, ब्याऐंशी झाले, जरा कमी कर," एवढंच बोलत राहतो, आणि ट्रकमागे अडकलो किंवा ब्रेक मारला तर वेळ लिहून ठेवतो. प्रत्येक फेरीला तोच माणूस, तेच सामान, काचा बंद, एसी बंद, ब्लोअर एकावर.

आता रस्ता. मी बरेच करून बघितले. पाम बीचला सिग्नल आणि ६० ची मर्यादा. अटल सेतू २१.८ किलोमीटर, सिग्नल नाही, १०० ची मर्यादा, पण भर खाडीत वारा आडवा येतो आणि प्रत्येक वेळचा टोल परवडत नाही. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, रस्ता सुरेख, पण तो सह्याद्री चढतो, चढाने सगळे आकडे खाऊन टाकले. शेवटी मला बरा वाटला तो मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा कळंबोली ते खालापूर हा घाटाआधीचा भाग. पूर्ण सपाट नाहीये, मध्ये भाताण आणि माडपचे बोगदे लागतात आणि बोगद्यात जीपीएस जातो, पण जाऊन-येऊन एक फेरी धरली की चढ-उताराचा हिशोब जमतो. ८० चा वेग, मधली लेन, डावी अवजड गाड्यांची. रविवारी पहाटे साडेपाचला पुण्याकडे गर्दी थोडीफार असतेच पण अडवणारी नसते, सात-साडेसातनंतर लोणावळ्याला निघालेले सगळे येतात आणि मग काही खरं नाही. पुढे कंटेनर असेल तर त्याच्यामागे चिकटू नका, पन्नास मीटरवरही त्याच्या सावलीत विरोध कमी होतो, टेस्ट खोटी होते, आणि त्याने ब्रेक मारला तर टेस्टचा प्रश्नच उरत नाही. एक्सप्रेसवेवर थांबायला बंदी आहे, शीट काढ-घाल जे काही करायचं ते खाली उतरून कळंबोलीच्या पंपाच्या आवारात विचारून.

आता मुख्य गोष्ट, ही पाळली नाही तर वरचं सगळं वाया. फेऱ्या मारायच्या त्या साधी, बदल, साधी अशा. म्हणजे पहिली फेरी गाडी जशी आहे तशी, दुसरी शीट लावून, तिसरी परत शीट काढून. ती तिसरी फेरी कोणी मारत नाही! सगळ्यांना लावल्यावर काय झालं ते बघायचं असतं, काढल्यावर परत खाली आलं का ते बघत नाहीत, आणि मी नोव्हेंबरमध्ये तिथेच फसलो. काढल्यावर ऍव्हरेज जुन्या जागी परत आलं तरच शीटचं काम. दर रविवारी एवढ्या तीन फेऱ्या बसतात, म्हणून तीन रविवार ठेवायचे.

समजा असे आकडे आले. पहिला रविवार, साधी १९.७, शीट २०.३, साधी १९.९. दुसरा रविवार १९.४, १९.९, १९.६. तिसरा २०.०, २०.६, २०.२. आता नीट बघा, दुसऱ्या रविवारी शीट लावून १९.९ आलंय आणि पहिल्या रविवारी शीट नसताना शेवटी १९.९ च होतं. एका दिवसाची शीट दुसऱ्या दिवसाच्या साध्याशी लावली तर शीट काही कामाची नाही असं वाटेल, किंवा उलटं केलं तर एक पूर्ण किलोमीटर मिळाल्यासारखं वाटेल. म्हणून त्या दिवसाची तुलना त्याच दिवसाशी करायची. पहिल्या रविवारी दोन साध्यांची सरासरी १९.८, शीटने ०.५ जास्त. दुसऱ्या रविवारी १९.५, शीटने ०.४. तिसऱ्या रविवारी २०.१, परत ०.५. तिन्ही दिवस फरक एकाच बाजूला आणि जवळपास तेवढाच, आणि सरासरी २.४ टक्के. हा निकाल मी मानेन. शेवटची साधी फेरी दर वेळी पहिलीपेक्षा थोडी वर आहे तेही दिसतंय ना, ते सूर्य वर आल्याचं, हवा हलकी झाल्याचं, आणि शीट मध्ये असल्यामुळे तो परिणाम दोन्ही बाजूंनी वाटला जातो. याउलट एका रविवारी अधिक ०.६, एका रविवारी उणे ०.२, एका रविवारी ०.१ असं आलं तर सरासरी कितीही छान दिसली तरी उत्तर "कळलं नाही" असंच लिहायचं. जाताना आणि येतानाचं ऍव्हरेज वेगवेगळं काढून त्याची सरासरी घेऊ नका, दोन्हीचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून एकच भागाकार करा.

पण याच्याही आधी, पहिल्या रविवारी, एक वेगळी टेस्ट करा असं मी सगळ्यांना सांगतो. गाडीवर रिकामं कॅरिअर लावा. आपल्याला माहितीच आहे की टपावरच्या कॅरिअरने हवेचा विरोध वाढतो, लपलेला फरक नाहीये तो. साधी, कॅरिअर, साधी अशा तीन फेऱ्या मारा. तुमच्या मोजणीत कॅरिअरचा फरक स्पष्ट दिसला तर तुमची पद्धत, तुमचा स्कॅनर, तुमचा पाय हे सगळं धड आहे. कॅरिअरच दिसलं नाही तर चाकाच्या झाकणाचा फरक कसा दिसणार? आधी मोजणी दुरुस्त करा, मग सनपॅक आणा. मला पहिल्यांदा कॅरिअर दिसलंच नव्हतं, कारण मी चढावर वेग राखायला पाय दाबत होतो आणि उतारावर गाडी नव्वदला सोडून देत होतो. दोन रविवार नुसती सरळ ८० ने गाडी चालवायची सवय करण्यात गेले आणि ते दोन रविवार सगळ्यात जास्त कामाला आले. आणि हो, कॅरिअर रोज टपावर असेल तर ते काढून ठेवणं हा पहिला आणि फुकट एरो बदल आहे.

दुसरं म्हणजे चालवणाऱ्याला माहीत नसेल तर उत्तम. शीट लावलीय हे माहीत असलं की आपण नकळत हळुवार चालवतो, मी स्वतःच्या लॉगमध्ये बघितलंय, शीटच्या फेरीला थ्रॉटल जास्त स्थिर. पोटाखालची शीट सीटवरून दिसत नाही, त्यामुळे हे जमतं. मी पंपावर चहाला बाजूला जातो, भाऊ आणि त्याचा मित्र काय करायचं ते करतात, कधी लावतात, कधी लावल्यासारखं करून तशीच ठेवतात, आणि त्याने लिहिलेला कागद मी सगळ्या फेऱ्या झाल्यावरच बघतो.

गाडी न्यूट्रलला टाकून वेग उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायची पण एक पद्धत आहे, कोस्टडाउन म्हणतात, पुण्याची एआरएआयसारखी संस्था गाड्यांसाठी ती वापरते. तत्त्व म्हणून सगळ्यात चांगली, इंजिन मधून निघूनच जातं. पण वरच्याच गाडीचं गणित केलं तर ८० वरून ७० ला यायला साडेनऊ सेकंद लागतात, आणि हवेचा विरोध १० टक्के कमी केला तरी दहाच्या जरा वर होतात. पाऊण सेकंदापेक्षा कमी फरक, आणि अंगठ्याने स्टॉपवॉच दाबण्यातच पाव सेकंद जातो, त्यासाठी दहा-वीस वेळा दोन्ही दिशांना करावं लागतं. एवढा रिकामा सपाट रस्ता आपल्याकडे कुठे आहे, आणि चालू हायवेवर न्यूट्रलला टाकून हळू होत जाणं मागच्यासाठी घातक आहे, चावी बंद करणं तर अजिबात नाही, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग जातं. मी ही पद्धत सोडून दिली.

लोकरीच्या दोऱ्यांची टेस्ट मात्र जरूर करा, मजा येते आणि शिकायला मिळतं. दहा सेंटिमीटरचे लोकरीचे तुकडे, एक टोक चिकटपट्टीने गाडीला, साधारण वीतभर अंतराने, टपाच्या मागच्या कडेला, मागच्या काचेवर, पुढच्या चाकाच्या मागे. दुसऱ्या गाडीतून शेजारी बसलेल्या मित्राने व्हिडिओ काढायचा, चालवणाऱ्याने नाही. दोरा सपाट चिकटून मागे वाहत असेल तर हवा पृष्ठभागाला धरून आहे, दोरा थडथडत उलटा-सुलटा फिरत असेल तर तिथे हवा सुटलीय. हॅचबॅकच्या मागच्या काचेवर सगळे दोरे नाचताना दिसतील, तिथेच विरोधाचा मोठा भाग तयार होतो. जर्मनीत वुनिबाल्ड काम नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात दाखवलं की मागची बाजू थोडी निमुळती करत आणून एकदम कापली तरी लांब शेपटीचा बराचसा फायदा मिळतो, आजच्या कित्येक गाड्यांचा मागचा भाग त्याच विचाराचा आहे. पण घरी शेपटी बांधून रस्त्यावर आणू नका, मागचं दिसत नाही, लाइट झाकले जातात, आणि पोलीस थांबवणार ते वेगळंच.

बदल कुठले करण्यासारखे, ते थोडक्यात. पोटाखालची शीट मला सगळ्यात आवडते, माझ्या शीटचा खरा फरक शेवटी दोन टक्क्यांच्या आसपासच निघाला, पण तो दर वेळी निघाला. लावताना पुढची कड बंपरच्या आतल्या ओठावर दुमडून घ्या म्हणजे हवा तिला उचकटणार नाही, मोठ्या वायसरवाले स्क्रू कंपनीच्या आधीच्याच भोकांत, वर केबल टाय. सायलेन्सरच्या पाइपाजवळ आणि कॅटकॉनच्या (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा डबा) जवळपास प्लास्टिक अजिबात नेऊ नका, तिथे काही शे डिग्री तापमान असतं, आग लागू शकते. ऑइल गळलं तर कळावं म्हणून ड्रेनखाली कापून मोकळं ठेवा. आणि हे काम ओळखीच्या गॅरेजच्या पिटवर करा, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली घुसू नका, कधीच. पहिल्या दहा किलोमीटरनंतर बाहेर पडून सगळं हाताने ओढून बघा. हायवेवर तुमची शीट सुटून मागच्या माणसाच्या काचेवर गेली तर त्या दोन टक्क्यांची किंमत कोणाच्या तरी जिवाने चुकती होईल. ही एक गोष्ट मला खूप मनापासून सांगायचीय.

ग्रिल अर्धी झाकणं सोपं आहे, थंड देशात लोक सर्रास करतात, पण आपल्याकडे विचार करून. ग्रिलमागे आधी एसीचा कंडेन्सर असतो, मग रेडिएटर. झाकलंत की कंडेन्सरला हवा कमी, एसीवर ताण जास्त, म्हणजे हवेत वाचवलं ते एसीत घातलं. एसी बंद ठेवून केलेल्या टेस्टमध्ये हा तोटा दिसणारच नाही हे लक्षात ठेवा. करायचंच तर हिवाळ्यात, खालचा अर्धा भाग, स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघत, आणि जॅममध्ये अडकायची शक्यता असेल तर काढून. काही नव्या गाड्यांत ग्रिलमागे रडार असतो, तिथे हात लावू नका. चाकांची सपाट झाकणं पण काम करतात, फक्त ब्रेकला हवा कमी मिळते, बोरघाट उतरायचा असेल तर आधी काढा. पुढच्या बंपरखाली पट्टी लटकवणं आपल्या स्पीडब्रेकरांपुढे टिकत नाही, माझी तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवरच गेली. आरसे काढू नका.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. मी सगळं काढता येईल असं, बॉडीला भोक न पाडता करतो, नंबर प्लेट आणि लाइट पूर्ण मोकळे ठेवतो. कायम ठेवायचं असेल तर आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारून घ्या, क्लेमच्या वेळी विषय निघण्यापेक्षा ते बरं.

एवढे रविवार आणि टोल ज्यांना जमणार नाहीत त्यांच्यासाठी एक स्वस्त पद्धत, जी मी चाकांच्या झाकणांसाठी वापरली. रोज सकाळी निघायच्या आधी नाणं उडवायचं, छापा आला तर झाकणं लावायची, काटा आला तर डिकीत ठेवायची, म्हणजे वजन तेच. रोज एकाच वेळी निघायचं, ट्रिपचं ऍव्हरेज शून्य करायचं, पोचल्यावर वहीत लिहायचं, सोबत एसी, पाऊस, ट्रॅफिक, जे काही झालं ते एका शब्दात. आजचा दिवस कसा आहे ते बघून लावायचं की नाही हे ठरवायचं नाही, नाणं सांगेल तेच. चाळीस-पन्नास दिवस तरी करा, म्हणजे ट्रॅफिकचे वाईट दिवस दोन्हीकडे साधारण सारखे पडतात. मग दोन्ही रकान्यांची सरासरी काढण्याआधी आकडे लहान ते मोठे लावून शेजारी शेजारी ठेवा. माझे दोन्ही रकाने एकमेकांत इतके मिसळलेले होते की झाकणांचा काही फरक आहे असं मला म्हणता आलं नाही, वहीत तसंच लिहून ठेवलंय. आता पुढच्या डिसेंबरात तीच झाकणं घेऊन कळंबोलीला तीन रविवार.